आमच्या वतीने नकार देऊ नका: गोव्यातल्या पालक-शिक्षक संघांना खुले पत्र

गोव्यातल्या सर्व माध्यमिक विद्यालयांच्या पालक-शिक्षक संघांचे अध्यक्ष, पदाधिकारी आणि सभासद यांस,

स.न.वि.वि.

आमच्या डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एचपीव्ही लसीचा, म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूवरच्या लसीचा, विषय निघाला आणि चहा येईपर्यंत मिटलाही. 'विषय नाजूक आहे, पुढे पाहू' एवढी नोंद इतिवृत्तात झाली. शाळेचं नाव घेत नाही, कारण चौकशी केली तेव्हा बाकीकडेही फार वेगळं ऐकायला मिळालं नाही. एका ठिकाणी आरोग्य केंद्रातून व्याख्यानासाठी विचारणा झाली, तर 'परीक्षा जवळ आल्यात' असं कळवलं गेलं. दुसरीकडे एका गृहस्थांनी 'आमच्या चेडवांक कित्याक जाय ती?' (आमच्या मुलींना कशाला हवी ती?) असं विचारलं, चार जण हसले आणि विषय बारगळला. म्हणून हे पत्र एका संघाला न लिहिता तुम्हा सगळ्यांना लिहिते आहे.

माझी ओळख एवढीच की मी डॉक्टर नव्हे. सरकारी प्रयोगशाळेत पॅप स्मिअरच्या काचपट्ट्या तपासण्यात माझी नोकरी गेली. पट्टीवर पहिली नजर आमच्यासारख्या टेक्निशियनची, संशय आला की पट्टी पॅथॉलॉजिस्टकडे. शिवाय माझी नात यंदा आठवीत आहे, म्हणजे तुम्ही ज्यांच्याबद्दल 'पुढे पाहू' म्हणता त्यांच्यातलीच एक.

पॅप स्मिअर म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण हे नाव निघालं की निम्म्या बायका नुसतीच मान डोलावतात. गर्भाशयाच्या मुखावरून, आपण बायका ज्याला पिशवीचं तोंड म्हणतो तिथून, लाकडी स्पॅच्युलाने हलकेच पेशी खरवडून घेतात, काचेवर पसरतात आणि लगेच अल्कोहोलमध्ये बुडवतात. लगेच म्हणजे अगदी लगेच. नर्सबाई फोन घ्यायला वळल्या की पेशी वाळल्या आणि पट्टी फुकट गेली. मग रंग चढवायचे. निरोगी पट्टीवर मोठ्या, सपाट, कोपरे असलेल्या पेशी दिसतात, काही गुलाबी, काही निळसर हिरव्या, प्रत्येकीच्या मधोमध बारीकसं गोल केंद्रक. एचपीव्ही शिरलेली पेशी सरावलेल्या डोळ्याला चटकन कळते. केंद्रकाभोवती पांढरं, रिकामं कडं पडलेलं असतं आणि आत केंद्रक मनुकेसारखं सुरकुतून काळवंडलेलं. अशी पेशी दिसली म्हणजे कॅन्सर झाला असं मुळीच नाही. बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू वर्ष-दोन वर्षांत आपसूक निघून जातो. काहींच्या बाबतीत मात्र तो ठाण मांडून बसतो. मग पेशी लहान होत जातात, केंद्रक फुगत जातं, इतकं की पेशीत दुसऱ्या कशाला जागाच उरत नाही. संसर्गापासून कॅन्सरपर्यंतची ही वाट साधारण 15 ते 20 वर्षांची असते. बाईला या काळात काही दुखत नाही, खुपत नाही. अंगावरून पांढरं जायला लागलं, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसलं की ती घाबरते. पण मुलीचं लग्न होऊ दे, चतुर्थी होऊ दे, असं करत आणखी सहा महिने काढते.

पट्टीच्या कडेला डायमंड पेन्सिलने कोरलेला नंबर असायचा. सोबतच्या कागदावर वय, बाळंतपणं, शेवटची पाळी. बाई सोज्वळ की उनाड, असा रकाना त्यात नव्हता आणि भिंगाखालीही ते दिसत नाही. परपुरुषाच्या वाऱ्यालाही कधी उभ्या न राहिलेल्या बायकांच्या पट्ट्यांवर मी ती पांढरी कडी पाहिली आहेत. कारण साधं आहे. शरीरसंबंध असलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना आयुष्यात कधी ना कधी एचपीव्ही गाठतोच. तो कातडीला कातडी लागून जातो, त्यामुळे निरोधानेही पुरतं संरक्षण मिळत नाही. बाईचा जोडीदार आयुष्यभर एकच असेल, पण त्या जोडीदाराचा पूर्वेतिहास तिच्या हातात नसतो. तेव्हा 'आमच्या मुली तशा नाहीत' हे उत्तर तुम्हाला कितीही चोख वाटलं तरी ते या प्रश्नाचं नव्हेच. तुमच्या मुली तशा नाहीत, हे मी एका पायावर मान्य करते. जावई कसे आहेत, ते आज तुम्हाला ठाऊक आहे का?

आपल्याकडे, म्हणजे डिचोली-सत्तरी-पेडण्याच्या बाजूला, आणखी एक समजूत घट्ट आहे. असले रोग किनाऱ्यावरचे. कळंगुट-बागाकडचे, पर्यटकांचे, नाहीतर वास्कोजवळच्या बायण्याच्या वेश्यावस्तीचे. 2004 साली बायणातल्या झोपड्यांवर बुलडोझर फिरले, तेव्हा आता गोवा शुद्ध झाला म्हणणारे माझ्या ओळखीतही होते. विषाणूला तालुक्याची हद्द कळत नाही, आणि माझ्या टेबलावर पट्ट्या यायच्या त्या सगळ्या तालुक्यांतून.

आता हेपटायटिस बी या विषाणूकडे बघा. तो रक्तातून पसरतो, बाळंतपणात आईकडून बाळाला जातो आणि शरीरसंबंधातूनही पसरतो. यकृतात राहिला तर पुढे कॅन्सर करतो. त्याची लस आपण बाळाला जन्मल्यापासून 24 तासांच्या आत टोचून घेतो, बारसंही झालेलं नसतं तेव्हा. ती टोचताना कुठल्या आजीने 'आमचा नातू तसा निघायचा नाही' म्हटल्याचं मी ऐकलेलं नाही. मग तेराव्या वर्षीच्या लसीलाच चारित्र्याचा दाखला का लागतो? माझ्या मते अडचण लसीची नाही, वयाची आहे. बाळाकडे बघताना आपल्याला त्याच्या पुढच्या आयुष्याचा विचार करावा लागत नाही. वयात येणारी मुलगी समोर असली की तो करावा लागतो, आणि तोच टाळायचा असतो. पण लस त्याच वयात द्यावी लागते. 9 ते 14 या वयात शरीर लसीला सगळ्यात जोमाने प्रतिसाद देतं, आणि विषाणूशी गाठ पडण्याआधी लस गेली तरच तिचा पुरा उपयोग. आधीच शिरलेल्या विषाणूला ती हुसकावत नाही. 'लग्न ठरलं की बघू' या म्हणण्यात म्हणूनच अर्थ नाही.

लस दिली तर मुली मोकाट सुटतील, ही भीती काही आपल्याच गोव्याची मिरास नव्हे. अमेरिकेत टेक्सासच्या गव्हर्नरांनी 2007 मध्ये ही लस शाळकरी मुलींना सक्तीची करायचा हुकूम काढला, तेव्हा तिथेही हेच वादळ उठलं आणि विधिमंडळाने हुकूम रद्द केला. पुढे कॅनडाच्या ओंटारियो प्रांतात अडीच लाखांहून जास्त मुलींच्या नोंदी तपासल्या गेल्या. लसीकरणामुळे मुलींमध्ये गर्भारपण किंवा गुप्तरोग वाढल्याचं आढळलं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलं म्हणून कोणी गंजक्या खिळ्यावर नाचायला जात नाही, तसंच हे.

लसीने साधतं काय? गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी 70 टक्क्यांच्या आसपास कॅन्सर एचपीव्हीच्या 16 आणि 18 या दोन प्रकारांमुळे होतात, आणि आपल्याकडे मिळणाऱ्या सगळ्या लसींत हे दोन्ही प्रकार येतात. लसीत जिवंत विषाणू नसतो, मेलेलाही नसतो. विषाणूचं नुसतं वरचं कवच प्रयोगशाळेत तयार केलेलं असतं, आत जनुकं काहीच नाहीत, त्यामुळे लसीतून एचपीव्ही होणं शक्यच नाही. स्कॉटलंडमध्ये 2008 पासून शाळेत 12-13 वर्षांच्या मुलींना ही लस देतात. त्या मुली मोठ्या झाल्यावर, 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, त्या वयात लस घेतलेल्यांत या कॅन्सरचा एकही रुग्ण सापडला नाही. इंग्लंडमध्ये त्याच वयात लस मिळालेल्यांत प्रमाण 87 टक्क्यांनी घटलं. आपल्या देशात ग्लोबोकॅन या जगभरच्या कॅन्सरच्या आकडेवारीतल्या 2022 च्या अंदाजानुसार वर्षाला सुमारे 1 लाख 27 हजार बायकांना हा कॅन्सर होतो आणि 80 हजारांच्या आसपास दगावतात. या आकड्यांतल्या कित्येकींनी संसार अर्ध्यावर सोडलेला असतो.

एवढं असूनही शंका घेणाऱ्या पालकांना मी मूर्ख म्हणणार नाही, कारण या लसीच्या नावावर आपल्या देशात एक डाग आहे आणि तो झाकून कुणाचं भलं होणार नाही. 2009 मध्ये 'पाथ' या अमेरिकी संस्थेने राज्य सरकारं आणि आयसीएमआर ही केंद्राची वैद्यकीय संशोधन संस्था यांच्या साथीने तेव्हाच्या आंध्रातल्या खम्मम आणि गुजरातेतल्या बडोदा जिल्ह्यात 10 ते 14 वर्षांच्या मुलींना ही लस देण्याचा प्रकल्प सुरू केला. सुमारे 24 हजार मुली, खम्ममकडच्या पुष्कळशा आदिवासी. पुढे सात मुली दगावल्याचं उघड झालं आणि एप्रिल 2010 मध्ये प्रकल्प थांबवला गेला. चौकशीत मृत्यूंची कारणं निघाली ती सर्पदंश, पाण्यात बुडणं, कीटकनाशक, मलेरिया अशी, लसीशी त्यांचा संबंध दिसला नाही. हे व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या संदेशात नसतं, म्हणून मुद्दाम सांगते. पण त्या संदेशवाल्यांना जे ठाऊक नाही आणि मला जास्त डाचतं, ते संमतीच्या कागदांचं. संसदेच्या स्थायी समितीने 2013 च्या अहवालात नोंदवलंय की खम्ममच्या 9,543 संमतिपत्रांपैकी 2,763 पत्रांवर वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. आई-बाप जिवंत, धडधाकट, गावात. आणि त्यांच्या मुलीच्या दंडाचा निर्णय वॉर्डनने घेतला.

या गोंधळातूनच एक मोठी गोष्ट हाती लागली, तीही सांगते. त्याच वेळी देशात वेगवेगळ्या केंद्रांवर याच लसीचा आणखी एक अभ्यास चालू होता, दोन डोस पुरतात की तीन लागतात हे पाहण्यासाठी. खम्ममच्या वादात सरकारने सगळंच थांबवलं आणि त्या अभ्यासातल्या जवळपास पाच हजार मुलींना एकच डोस मिळून राहिला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. साधारण नऊ-दहा वर्षांनंतर दिसलं की 16 आणि 18 च्या चिवट संसर्गापासून एका डोसनेही दोन-तीन डोसांइतकंच, 95 टक्क्यांच्या घरात संरक्षण मिळालं. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर 2022 मध्ये 9 ते 20 वयोगटासाठी एक डोसही चालेल असं सांगितलं, त्यामागे हाही पुरावा होता. हा पुरावा गार्डासिल या लसीचा. पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक ही लस 2022 मध्ये मंजूर झाली, तिच्या मंजुरीत 9 ते 14 वयाला दोन डोस आहेत. कोणती लस आणि किती वेळा, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

संमतीवरून आपल्या गोव्यातलीच एक गोष्ट आठवते, आणि ती विसरण्यासारखी नाही. तिथला विषाणू एचआयव्ही, तोही शरीरसंबंधातून पसरणाराच. बार्देशचा डॉमिनिक डिसोझा रक्तदान करणारा तरुण होता. रक्तात एचआयव्ही सापडला म्हणून फेब्रुवारी 1989 मध्ये त्याला पोलिसांनी नेलं आणि क्षयरोग्यांसाठीच्या जुन्या इमारतीत पहाऱ्यात दोन महिन्यांहून जास्त काळ कोंडून ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूद करून घेतली होती. त्याची आई ल्यूसी डिसोझा हायकोर्टात गेली, पण कोर्टाने कायदा उचलून धरला. 1992 मध्ये डॉमिनिक गेला, त्याआधी आपल्यासारख्यांसाठी संघटना उभी करून. त्या काळी मी नोकरीत नवी होते. लोक त्याच्या आजाराबद्दल कमी आणि 'त्याने काय केलं असेल' याबद्दल जास्त बोलायचे. पुढे 2006 मध्ये लग्नाआधी एचआयव्ही चाचणी सक्तीची करायचा प्रस्ताव इथेच गाजला. असा विषाणू म्हटला की आपल्याला दोनच गोष्टी सुचतात, एक तर सक्ती, नाहीतर चुप्पी. ज्याचं शरीर त्याला समोर बसवून विचारावं, हे काही केल्या सुचत नाही.

माझं तुमच्याशी भांडण आहे ते नेमकं इथे. खम्ममला वॉर्डनने पालकांच्या जागी होकार दिला. तुम्ही विषय टाळता, तेव्हा पालकांच्या जागी नकार देता. त्यांना विचारलं नाही, हे दोन्हीकडे सारखंच. ज्या आईला लस द्यायची आहे, तिला तुमच्या शाळेतून माहितीचा कागदही मिळत नाही, कारण बैठकीत तीन-चार जणांना संकोच वाटला. पैसेवाले तरी आपापल्या डॉक्टरकडे जाऊन मुलीला टोचून आणतात, सर्व्हाव्हॅक बाजारात आली तेव्हा तिची छापील किंमत 2000 रुपये होती, परदेशी लसी त्याहून महाग. तुमच्या गप्प बसण्याचा फटका बसतो तो खाणीवरच्या ड्रायव्हरच्या, बाजारात मासे विकणारीच्या, कर्नाटकातून आलेल्या मजुराच्या मुलीला. तिच्यापर्यंत हे पोचण्याचा शाळा हाच रस्ता आहे.

पालकांकडून हमखास येणाऱ्या शंकांचं थोडक्यात सांगते. मूल होणार नाही, अशी भीती घालतात. जगभर कोट्यवधी डोस दिले गेल्यावरही तसा पुरावा मिळालेला नाही, उलट गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये पिशवी काढावी लागते तेव्हा मूल खरोखरच होत नाही. इंजेक्शननंतर मुली चक्कर येऊन पडतात, हे खरं आहे. या वयात कुठल्याही इंजेक्शनने तसं होतं. एकीला पडताना पाहून मागच्या चौघी पडतात. म्हणून बसवून टोचायचं आणि पंधरा मिनिटं बसवून ठेवायचं, उपाशीपोटी आणायचं नाही. तीव्र अ‍ॅलर्जी दहा लाख डोसांमागे दोनपेक्षाही कमी वेळा होते, पण होऊ शकते, तेव्हा औषधाची पेटी आणि ती वापरता येणारा माणूस हजर हवा, हे मागण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. कंपन्यांचा धंदा आहे, असंही म्हणतात. आहेच. पॅरासिटामॉलचाही आहे. धंद्यावर नजर ठेवा, किमतीसाठी भांडा, त्यात मी तुमच्या बरोबर येईन. आणि प्रचार करणाऱ्यांनीही ताळतंत्र सोडू नये. 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी 9 ते 14 वर्षांच्या मुलींच्या लसीकरणाला उत्तेजन देऊ असं सांगितलं आणि दुसऱ्याच दिवशी एक नटी याच कॅन्सरने वारल्याची बातमी पसरवली गेली. ती 'जनजागृती'साठी केलेली थाप निघाली. असल्या थिल्लरपणानंतर माणसं खऱ्या सांगण्यावरही विश्वास ठेवत नाहीत.

विश्वास उडाला की काय होतं ते जपानने भोगलं. तिथे एप्रिल 2013 मध्ये ही लस नियमित कार्यक्रमात आली. मुलींना दुखण्याचे त्रास झाल्याच्या बातम्या आल्या, दोनच महिन्यांत सरकारने शिफारस मागे घेतली. बंदी नाही, नुसतं 'आम्ही आग्रह धरत नाही' एवढंच. लस घेणाऱ्यांचं प्रमाण 70 टक्क्यांवरून एका टक्क्याच्याही खाली गेलं. तपासण्यांत त्या त्रासांचा लसीशी संबंध सिद्ध झाला नाही, तरी शिफारस पुन्हा सुरू व्हायला 2022 उजाडलं. मधल्या मुलींचं वय कोण परत आणणार? तुमचं 'पुढे पाहू' हे मला तिथल्या सरकारी भाषेसारखंच वाटतं. त्यात नाही म्हटलेलं नसतं, पण आठवीतली मुलगी दहावी होऊन शाळेतून निघून जाते.

मुलींबद्दल एवढं बोलते आहे, पण बैठकीला येतात त्या आया, आणि या वयात लस त्यांच्या फारशा कामाची नाही, हे कुणी त्यांना सांगत नाही. तिशी ओलांडलेल्या बाईला तपासणी हवी. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या बायकांत या कॅन्सरची तपासणी कधीतरी करून घेतलेल्या देशभरात मिळून 1.9 टक्केच निघाल्या. शंभरातल्या दोनही नाहीत! आणि तपासणीचा उपयोग किती, ते आपल्या मराठी मुलुखातच सिद्ध झालेलं आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आजच्या धाराशिवमध्ये, खेड्यापाड्यांतल्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. 2009 मध्ये निष्कर्ष आले. आयुष्यात एकदाच एचपीव्हीची चाचणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले होते. आरोग्य केंद्रात अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडची साधी तपासणीही होते, पातळ द्रावण लावायचं आणि मिनिटभराने मुखावर पांढरा डाग उमटतो का ते पाहायचं. या साध्या तपासणीला महागडं यंत्र लागत नाही. लस घेतलेल्या मुलींनाही तिशीनंतर तपासणी चुकत नाही, कारण लसीत न येणारे प्रकार उरतातच. हे न सांगता 'एक टोचून घ्या आणि निर्धास्त राहा' असं कोणी शाळेत येऊन बोललं, तर त्याला तिथल्या तिथे अडवा.

मुलग्यांचं काय, असं नातीनेच मला विचारलं. तिचा प्रश्न रास्त आहे. विषाणू मुलींकडे आकाशातून पडत नाही, आणि पुरुषांनाही यापासून घशाचे, लिंगाचे, गुदद्वाराचे कॅन्सर होतात. ऑस्ट्रेलिया 2013 पासून मुलग्यांनाही देतं. पैसे मोजके असताना आधी मुली, हे हिशेबाला धरून आहे, मला पटतं. पण निदान माहिती तरी दोघांना द्या. मुलींना वेगळ्या खोलीत नेऊन कुजबुजत सांगायचं आणि मुलांना मैदानावर पिटाळायचं, या पद्धतीने वर्गात फक्त चेष्टेला विषय मिळतो. हा रोग मुलींचाच आणि मुलींमुळेच, ही समजूतही तिथेच रुजते.

तर माझं मागणं असं. लसीकरणाचा ठराव करा असं मी म्हणत नाही, विरोधाचाही करू नका. विषय पत्रिकेवर घ्या आणि सभा बोलवा, सातवी ते नववीच्या पालकांची, शनिवारी दुपारी, आया घरकामातून आणि बाप ड्युटीवरून येऊ शकतील अशा वेळी. बाप हवेतच, कारण 'ह्यांना विचारून सांगते' इथे बहुतेक सह्या अडकतात. जवळच्या आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरबाईंना बोलवा आणि त्यांना दहा मिनिटांत उरकायला सांगू नका. हा विषाणू शरीरसंबंधातून जातो, हे त्यांना स्पष्ट सांगू द्या. ते गाळून 'कॅन्सरची लस' एवढंच सांगितलं, तर पालक ते दुसऱ्या दिवशी मोबाईलवर वाचतील आणि मग तुम्ही काहीही सांगा, ऐकणार नाहीत. संमतीचा कागद मराठीत आणि कोकणीत छापून घ्या. आपल्याकडे अजून इंग्रजी कागद घरी जातो आणि मुलगीच आईला 'इथे सही कर' म्हणून बोट दाखवते. ज्या शाळांत कन्नड आणि हिंदी बोलणारी मुलं आहेत, तिथे त्याही भाषांत. कागदावर होकाराला जागा असावी तशी नकारालाही, आणि नकार दिलेल्या मुलीचं नाव वर्गात वाचलं जाऊ नये. कागद घरी जायच्या आधी मुलींना प्रश्न विचारायला एक तास द्या. सही आई-बापाची लागेल, पण दंड तिचा आहे.

सरकारी केंद्रात लस कोणत्या वर्गाला, कधी आणि किती मिळते, हे आरोग्य केंद्राकडूनच लेखी घ्या, ऐकीव माहितीवर पालकांना काही सांगू नका. डिचोली, साखळी, वाळपई, पेडणे या भागातल्या शाळांत मी स्वखर्चाने यायला तयार आहे. काही जुन्या पट्ट्यांचे, नंबर नसलेले मोठे फोटो माझ्याकडे आहेत. निरोगी पेशी आणि कडं पडलेली पेशी शेजारी-शेजारी ठेवल्या की आयांना समजायला वेळ लागत नाही, बापांना थोडा लागतो. शनिवार सोडून वार ठेवायचा असेल तर आठवडाभर आधी कळवा, कारण बुधवारी नातीला गाण्याच्या क्लासला मीच नेते.

कळावे,
आपली,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन आणि आठवीतल्या मुलीची आजी
डिचोली, गोवा